आधी मुळं बघा: कुंडीतलं ऑर्किड पहिल्यांदाच सांभाळणाऱ्यांसाठी

ऑर्किडची पानं मलूल पडली, त्यांवर सुरकुत्या आल्या, की हात आपोआप झारीकडे जातो. मोगरा, जास्वंद, तुळस सांभाळलेल्या हाताची ती सवयच असते. पण ऑर्किडचं सुरकुतलेलं पान एवढंच सांगतं की वर पाणी पोहोचत नाहीये. कुंडी कोरडीठाक पडली म्हणून पोहोचत नाहीये, की कुंडी सतत ओली राहून मुळं कुजली आणि पाणी वर चढवायला काही उरलंच नाही म्हणून, हे पानावरून कळत नाही. पान दोन्ही वेळा सारखंच दिसतं, उपाय मात्र नेमके उलटे. कुजलेल्या मुळांवर आणखी पाणी ओतलं की रोपाचा निकाल लागलाच.

म्हणून नवख्या माणसाने फुलांचे रंग, जातींची नावं, खतांचे आकडे हे सगळं बाजूला ठेवावं आणि आधी मुळं ओळखायला शिकावं. इथे मुख्यतः फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम यांच्याबद्दल लिहिते आहे, कारण आपल्याकडच्या नर्सऱ्यांत आणि भेट म्हणून घरी येणाऱ्या कुंड्यांत हीच दोन जास्त असतात.

हे मूळ मातीतलं नाही

या दोन्ही जातकुळी मूळच्या झाडांवर वाढणाऱ्या. आपल्या सह्याद्रीतही अशी ऑर्किडं आहेत. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर आंब्याफणसाच्या खोडावर सीतेच्या वेणीचे गुलाबी-पांढरे घोस लोंबताना दिसतात. त्यांना बांडगूळ समजून कोयता चालवणारेही आहेत. बांडगूळ झाडाच्या आत शिरून त्याच्या जिवावर जगतं. ऑर्किड सालीला नुसतं धरून बसतं, झाडाकडून काही घेत नाही. पावसाची सर आली की मुळं चिंब भिजतात, सर थांबली की वाऱ्यावर तासाभरात सुकायला लागतात. भिजणं आणि सुकणं ही त्या मुळांची रोजची रीत. कुंडीत आपल्याला तीच सांभाळायची आहे.

त्यासाठी मुळाची रचनाही वेगळी आहे. मधोमध एक बारीक, चिवट दोरा असतो, पाणी आणि क्षार वर नेणारा. त्याभोवती जिवंत पेशींचा थर, ज्यात हरितद्रव्य असतं. आणि सगळ्यात बाहेर मेलेल्या, पोकळ पेशींचं जाड आवरण, ज्याला वेलामेन म्हणतात. पाणी पडलं की हे आवरण क्षणात भरून घेतं आणि सावकाश आत सोडतं. कोरडं असताना त्यात हवा असते, म्हणून मूळ रुपेरी-पांढरं दिसतं. भिजलं की आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा थर दिसू लागतो.

पाणी कधी द्यायचं, याची खूण रोपाने स्वतःच अंगावर वागवलेली आहे: रुपेरी मूळ म्हणजे द्या, हिरवं म्हणजे थांबा. पुढचं बरंचसं यातूनच निघतं.

आवरण दिवसेंदिवस पाण्याने भरलेलंच राहिलं तर आतल्या जिवंत थराला हवा मिळत नाही. पेशी गुदमरून मरतात आणि मग बुरशी आत शिरते. आपण म्हणतो ‘पाणी जास्त झालं’. पण तेच रोप मोकळ्या, हवेशीर माध्यमात (म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरलेल्या तुकड्यांत) रोज भिजवलं तरी मजेत राहतं. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत नुसतीच टांगलेली व्हँडा (हेही एक ऑर्किडच) रोज पाणी पिते आणि कुजत नाही, ती याचमुळे.

पहिली पायरी: कुंडीतून न काढता बघा

दुकानातून आलेल्या फॅलेनॉप्सिसवर बहुधा चिनी मातीची चकचकीत कुंडी चढवलेली असते आणि तिला खाली भोक नसतं. ती आधी काढा. आत प्लास्टिकची पारदर्शक कुंडी सापडेल, आणि ती पारदर्शक आहे ही नशिबाची गोष्ट, कारण मुळं न उपटता दिसतात.

सकाळी, पाणी घालण्याआधी, कुंडी उजेडाकडे धरून गोल फिरवा. कडेची मुळं रुपेरी असतील आणि प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव नसेल तर रोप तहानलेलं आहे. मुळं हिरवी असतील, कुंडीला आतून थेंब चिकटलेले असतील तर आज पाणी नको. मुळांच्या टोकांकडेही बघा. अर्धा-एक सेंटीमीटर लांबीचं चमकदार हिरवं, कधी लालसर-जांभळं टोक दिसलं तर मूळ वाढीला लागलं आहे. टोकापर्यंत पांढरं आवरण आलेलं असेल तर मूळ मेलं असं समजू नका, ते विश्रांती घेतं आहे. हवा बदलली की त्याच टोकातून पुन्हा हिरवं डोकं बाहेर येतं.

काही गोष्टी बघून नवखे उगाच घाबरतात. भिजलेल्या मुळावर बारीक पांढरे ठिपके किंवा रेघा राहतात. हवा खेळण्यासाठीच्या त्या जागा आहेत, रोग नव्हे. कुंडीच्या भिंतीला चिकटून वाढलेलं मूळ चपटं होतं, तेही ठीक. कुंडीच्या मध्यावरची मुळं हिरवी न दिसता फिकट पिवळसर असतात, कारण तिथे उजेड पोहोचत नाही. फिकट म्हणजे कुजकं नव्हे.

डेंड्रोबियम बहुतेकदा मातीच्या किंवा काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत येतं. तिथे आत डोकावता येत नाही, म्हणून वजनावर जायचं. पाणी घातल्यावर कुंडी उचला, दोन दिवसांनी पुन्हा उचला. चार-सहा वेळा केलंत की हाताला फरक कळायला लागतो. शंका असेल तर बांबूची एक काडी माध्यमात तळापर्यंत खोचून ठेवा आणि दहा मिनिटांनी काढून गालाला लावा. गार, ओलसर लागली तर थांबा. बोटाच्या कातडीपेक्षा गालाला ओल लवकर कळते.

दुसरी पायरी: दाबा, ओढा, भिजवा

नुसतं बघून शंका फिटली नाही, किंवा पानं सुरकुतली आहेत, कुंडीला आंबूस वास येतो आहे, तर रोप बाहेर काढून तपासायचं. काढण्याआधी कुंडी पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा. कोरडी मुळं ठिसूळ असतात, ओली झाली की लवतात. मग कुंडी बाहेरून चेपत चेपत सैल करा. मूळ भिंतीला घट्ट चिकटलं असेल तर प्लास्टिक कापलं तरी चालेल, स्वस्तातल्या कुंडीसाठी मूळ सोलून काढू नका.

आता एकेक मूळ अंगठा आणि तर्जनीत धरून वरून खाली चाचपत जा. निरोगी मूळ कडक लागतं, दाबलं तरी दबत नाही. कुजलेलं मूळ चिमटीत बसतं, तपकिरी पाणी सोडतं, आणि हलकेच ओढलं की बाहेरचं आवरण वायरीवरचं प्लास्टिक सोलून निघावं तसं सरकून हातात येतं. मागे उरतो तो मधला दोरा. हे झालं ओलं कुजणं. तहानेने मेलेलं मूळ वेगळं असतं: चपटं, पोकळ, कागदासारखं कुरकुरीत. दाबलं तर आत काही नाही, पण वास नाही आणि ओलही नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण यावरूनच पुढे पाणी वाढवायचं की कमी करायचं ते ठरतं. कुंडीतली मेलेली मुळं बहुतांश कुरकुरीत असतील तर रोप तहानलेलं होतं. बहुतांश बुळबुळीत असतील तर गुदमरलेलं होतं.

रंगावर मात्र विसंबू नका. नारळाच्या सोडणात वाढलेली मुळं त्याच्या तांबूस अर्काने पार तपकिरी होतात. कुजलेली समजून लोक ती सरसकट छाटतात, आणि धडधाकट रोप आठवडाभरात पांगळं करून ठेवतात. तपकिरी मूळ दाबून कडक लागलं तर ते चांगलं आहे, विषय संपला. खात्री हवी असेल तर मूळ पाच मिनिटं पाण्यात बुडवा, जिवंत असेल तर बहुधा हिरवट झाक येते.

आणखी एक नेहमीचा पेच म्हणजे मधेच बोटभर भाग मेलेला, पण पुढचं टोक टवटवीत. असं मूळ कापू नका. आवरण गेलं तरी आतला दोरा शाबूत असेपर्यंत टोकाकडचं पाणी वर जात राहतं. टोक तुटलेलं असेल पण बाकी मूळ कडक असेल, तर तुटल्या जागेच्या मागून नवे फाटे फुटू शकतात. डेंड्रोबियमच्या जुन्या काठ्यांची, म्हणजे त्याच्या उभ्या खोडांची, मुळं वयाने वाळलेली असतातच, तिथे नव्या काठीच्या बुंध्याशी काय आहे ते महत्त्वाचं. आणि कुणी तुम्हाला पॅफिओपेडिलम दिलं असेल, तर त्याची मुळं जन्मजात तपकिरी आणि केसाळ असतात. ते जमिनीलगत, पाल्यापाचोळ्यात वाढणारं ऑर्किड. त्याला हा रुपेरी-हिरव्याचा नियम लागू नाही.

कात्री हातात घ्यायची ती इथपर्यंत आल्यावरच. शंका असेल ते मूळ राहू द्या. कुजत असेल तर आठवड्याभरात स्वतःच सांगेल.

तिसरी पायरी: छाटणी

मुळं बहुतेक चांगली आहेत आणि माध्यमही टणक, मोकळं आहे असं दिसलं तर काहीही न करता रोप परत कुंडीत ठेवा. नवख्यांना ही सगळ्यात अवघड पायरी वाटते, काहीतरी केल्याशिवाय समाधान होत नाही.

छाटायचं असेल तर कात्रीचं पातं गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा, थंड होऊ द्या, मग वापरा. एका रोपावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा तापवा. ऑर्किडमधले विषाणू कात्रीवरून पसरतात आणि त्यांवर औषध नाही. कुजलेला भाग संपून कडक, पांढरट-हिरवा भाग लागेपर्यंत कापा. कापलेल्या तोंडाला दालचिनीची पूड बोटाने टेकवा. पण फक्त तोंडाला. दालचिनी ओल शोषून घेते आणि चांगल्या मुळावर पसरली तर तेही सुकवते. कुजणं बरंच पसरलेलं असेल तर कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेबच्या मिश्र बुरशीनाशकाच्या द्रावणात, पाकिटावरच्या मात्रेने, रोप दहा-पंधरा मिनिटं बुडवून सावलीत निथळत ठेवा. हातमोजे घाला आणि हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नका.

फॅलेनॉप्सिसच्या मुळांच्या गोळ्यात मधोमध बोट घालून बघा. लहान रोपाला वाढवताना मॉसची (वाळवलेल्या शेवाळाची) एक गुंडी किंवा जाळीची छोटी टोपली वापरतात, आणि ती तशीच आत राहते. बाहेरचं बार्क, म्हणजे झाडाच्या सालीचे तुकडे, सुकलं तरी ती गुंडी आठवडाभर ओली असते आणि सगळं कुजणं तिथून सुरू होतं. चिमट्याने थोडी थोडी करून काढा. निघताना एखादं मूळ तुटलं तरी चालेल, पण ती काढाच.

चौथी पायरी: माध्यम आणि कुंडी

थंड देशांतले सल्ले वाचून लोक इथे पाइनचं बार्क आणि मॉस मागवतात. बार्क चांगलंच आहे, फक्त महाग पडतं. मॉस मात्र आपल्या पावसाळ्यात नवख्याच्या हाती देऊ नये असं माझं मत आहे. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते सुकतच नाही.

आपल्याकडे सहज मिळणारं आणि चालणारं मिश्रण म्हणजे लाकडी कोळशाचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, दोन्ही साधारण दोन-तीन सेंटीमीटरचे. किनारपट्टीवर कोळसा दोन भाग, सोडण एक भाग. पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगरकडे, जिथे हवा कोरडी, तिथे प्रमाण उलटं करा. कोळसा धुऊन त्याची भुकटी काढून टाका. सोडण तीन-चार दिवस पाण्यात भिजवा आणि रोज पाणी बदला, तांबूस रंग जवळजवळ जाईपर्यंत. त्यात क्षार असतात, न धुता वापरलं तर नव्या मुळांची टोकं काळी पडतात. कोकोपीट आणि बागेची माती या दोन्ही गोष्टी नकोत, त्या हवेच्या फटी बुजवतात. सोडण दोनेक वर्षांत मऊ होऊन खचतं. ते खचलं की मुळं चांगली असली तरी माध्यम बदलायचं.

कुंडी मुळांच्या मापाची घ्यायची, पानांच्या नव्हे. मुळांचा गोळा आत ठेवल्यावर भोवती बोटभर जागा राहिली तर बस. मोठ्या कुंडीत मधला भाग ओला राहतो. डेंड्रोबियम लहान कुंडीत डोईजड होऊन कलंडतं, तर कुंडी वाढवू नका, तळाशी दोन दगड घाला किंवा जड मातीची, बाजूने भोकं असलेली कुंडी घ्या.

कुंडी कधी बदलायची? फुलं गळून गेल्यावर आणि नव्या मुळांची टोकं दिसू लागल्यावर. आपल्या हवेत हा काळ बहुधा उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाच्या तोंडापर्यंत येतो. विदर्भ-मराठवाड्यात ऐन मेमधले दिवस टाळा. डेंड्रोबियमच्या बाबतीत नव्या कोंबाच्या बुंध्याशी मुळं फुटून एक-दोन सेंटीमीटर झाली की ती वेळ नेमकी. त्याहून लांब झाली तर हाताळताना मोडतात, आणि कोवळं मूळ मोडलं की बहुतेकदा तिथेच थांबतं.

लावताना तळाशी मोठे तुकडे घाला, रोप हातात धरून मुळं पसरवा, आणि तुकडे बाजूने थोडे थोडे सोडत कुंडीला टिचक्या मारत जा. दाबून ठासू नका. फॅलेनॉप्सिसचं सगळ्यात खालचं पान माध्यमाच्या वर राहिलं पाहिजे. डेंड्रोबियमच्या काठ्यांचा बुंधा माध्यमावर टेकलेला हवा, पुरलेला नको.

आणि मग रोप हलवून बघा. डुलत असेल तर काठी रोवून बांधा. हे सांगायला कुणाला सुचत नाही, पण डुलणाऱ्या रोपाची कोवळी टोकं तुकड्यांवर घासून मरतात आणि मुळं धरतच नाहीत. नर्सरीवाले तारेचा आकडा कुंडीच्या काठाला अडकवून रोप घट्ट बसवतात ते याचसाठी.

बरीच छाटणी केली असेल तर कापलेली तोंडं सुकायला दोन-तीन दिवस पाणी देऊ नका, सावलीत ठेवा, हवा कोरडी असेल तर आजूबाजूला फवारा मारा. काहीच कापलं नसेल तर लगेच पाणी घाला.

पाचवी पायरी: पाणी

‘आठवड्यातून एकदा’ हा नियम आपल्या कामाचा नाही. तोच डेंड्रोबियम ठाण्यातल्या बाल्कनीत एप्रिलमध्ये रोज पाणी मागतो आणि जुलैत पाच-सहा दिवस मागत नाही. वार ठरवू नका, मुळं बघा. बर्फाचे खडे ठेवण्याचा जो प्रकार पसरला आहे तोही सोडून द्या. उष्ण प्रदेशातल्या रोपाच्या मुळांशी बर्फ ठेवायचं कारण काय? साधं पाणी घेतलं की झालं.

पाणी सकाळी, आणि द्यायचं तेव्हा भरपूर. कुंडी मोरीत किंवा बाल्कनीच्या जाळीवर ठेवून वरून पाणी सोडा, खालून मोकळं वाहू द्या. मुळं रुपेरीची हिरवी होताना दिसतील. एखादं मूळ एक-दोन मिनिटांनंतरही पांढरंच राहिलं तर पुन्हा पाणी घाला. फार सुकलेलं बार्क पहिल्या पाण्याला दाद देत नाही. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं तर कागदाने टिपून घ्या. बशीत पाणी ठेवू नका. एकाच बादलीत सगळी रोपं एकामागून एक बुडवू नका, एकाचा रोग सगळ्यांना लागतो.

पाणी कोणतं, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा. मुंबई महापालिकेचं भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतून येणारं पाणी मऊ असतं, ते थेट चालतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी क्षारयुक्त असू शकतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. आकडा २०० च्या आत असेल तर निर्धास्त राहा, ४००-५०० च्या वर गेला तर दुसरी सोय करा. घरातल्या आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची पद्धत आहे. इतर झाडांचं मला माहीत नाही, ऑर्किडला ते अजिबात नको, कारण गाळून वेगळे काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. पावसाचं पाणी उत्तम, पहिल्या एक-दोन सरी गच्ची धुऊन जाऊ द्या आणि मग साठवा.

क्षार साचले की कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात आणि मुळांची टोकं काळपट होऊन थांबतात. खत जास्त झालं तरी हेच होतं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, फार तर एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि तेही मुळं आधी साध्या पाण्याने ओली केल्यावर. रोप विश्रांतीत असेल, नवी टोकं दिसत नसतील, तर खत बंद. महिन्यातून एकदा कुंडीच्या तीन-चार पट साधं पाणी वाहू देऊन साचलेले क्षार धुऊन काढा. तांदळाचं धुवण, ताक, चहाचा चोथा, कांद्याच्या सालींचं पाणी यांतलं काही घालू नका. गुलाबाला काय चालायचं ते चालो, इथे माध्यमात बुरशी आणि चिलटं होतात.

ऋतूप्रमाणे

पावसाळा हाच मुळांच्या परीक्षेचा काळ. उघड्यावर चार-चार दिवस संततधार खाणारं फॅलेनॉप्सिस टिकणं कठीण, ते छपराखाली घ्या. डेंड्रोबियम मोकळ्या कोळशात, टांगलेलं असेल तर पाऊस आनंदाने झेलतं. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका, वारा फिरला पाहिजे. घरात पंखा मंद चालू ठेवला तरी बराच फरक पडतो.

याच दिवसांत गोगलगायी येतात. मोठ्या दिसतात, उचलून टाकता येतात. खरा त्रास तांदळाच्या दाण्याएवढ्या, चपट्या शंखाच्या बारीक गोगलगायींचा. त्या माध्यमात लपतात आणि रात्री नेमकी मुळांची कोवळी हिरवी टोकं कुरतडतात. सकाळी टोकाच्या जागी खड्डा दिसतो. संध्याकाळी काकडीची किंवा बटाट्याची चकती माध्यमावर ठेवा, रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन उलटून बघा. चिकटलेल्या असतील त्या काढून टाका. आठवडाभर रोज करायचं, एका रात्रीत संपत नाहीत. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. मुळांवर असेल तर माध्यम फेकून मुळं धुवावीच लागतात.

हिवाळ्यात पुणे-नाशिककडे रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं तेव्हा फॅलेनॉप्सिस आत घ्या आणि पाणी ऊन चढल्यावर द्या. गारठा आणि ओल एकत्र आली की मुळं झपाट्याने जातात. उन्हाळ्यात काळ्या प्लास्टिकच्या कुंडीवर थेट ऊन पडू देऊ नका, आतली मुळं अक्षरशः शिजतात.

कुंडीबाहेर आलेली मुळं

ही कापू नका. कुणी ‘दिसायला बरं नाही’ म्हणून छाटतात, तेव्हा रोपाचा पाणी पिण्याचा एक मार्ग बंद होतो. ती दाबून कुंडीतही कोंबू नका. हवेत वाढलेलं मूळ एकदम ओल्या माध्यमात गेलं तर पुष्कळदा कुजतं. पाणी घालताना त्यांच्यावरही घाला, कोरड्या दिवसांत फवारा मारा. पण बाहेरची मुळं अचानक खूप वाढली आणि कुंडीतली दिसेनाशी झाली, तर आत काहीतरी बिघडलं आहे. दुसरी पायरी करा.

मुळंच उरली नसतील तर

फॅलेनॉप्सिसची सगळी मुळं गेली, पण पानं आणि बुंधा कडक आहे, तर वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. फुलाचा दांडा असेल तर आधी तो कापा, फुलं कितीही सुंदर असोत. शिल्लक पाणी फुलांकडे जाऊ देणं परवडणारं नाही. कुजलेला भाग स्वच्छ करून बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवा आणि एक दिवस सुकू द्या. मग पिळून काढलेलं, जेमतेम ओलसर मॉस पारदर्शक डब्यात पसरा आणि रोप त्यावर नुसतं टेकवून ठेवा, पुरू नका. मॉसला माझा एरवी विरोध असला तरी इथे तेच लागतं. झाकण अर्धवट लावा, रोज दहा मिनिटं उघडा. उजेड भरपूर हवा, ऊन नको. कोकणात पावसाळा चालू असेल तर झाकणाची गरजच नाही, हवेत तेवढी ओल असते आणि झाकलं तर बुरशी धरते.

मग वाट पाहायची, आठवडे नाही, महिने. पानं तोवर सुरकुतलेलीच राहतील, खालचं एखादं पिवळं होऊन गळेल. त्याने बिथरून पाणी वाढवू नका. बुंध्याच्या बाजूला फुगवटा येतो, मग साल फाटून हिरवं टोक डोकावतं. तीन-चार मुळं दोन-तीन इंच झाली की लहान कुंडीत, बारीक तुकड्यांच्या माध्यमात हलवा.

डेंड्रोबियमच्या पानं गळालेल्या काठीचीही अशीच सोय होते. काठी कडक आणि हिरवी असेल तर ती ओलसर मॉसवर आडवी ठेवा. पेरांवर पिल्लं फुटतात, त्यांना स्वतःची मुळं येतात, ती बोटभर झाली की पिल्लू कापून वेगळं लावायचं.

फॅलेनॉप्सिसचा मधला गाभा मात्र तपकिरी आणि मऊ झाला असेल, पानं हात लावताच बुंध्यापासून सुटत असतील, तर त्यात वेळ घालवू नका. रोप आणि माध्यम दोन्ही टाकून द्या, इतर कुंड्यांत ते माध्यम मिसळू नका. कुंडी ब्लीचच्या पाण्यात तासभर ठेवून घासून धुवा आणि उन्हात वाळवली की पुढच्या रोपाला वापरता येते.